जुनी कादंबरी की नवी?

जुन्या कादंबऱ्या पाल्हाळिक असतात, ही तक्रार रास्तच आहे. पण त्यातल्या बऱ्याच आधी हप्त्याहप्त्याने छापून आल्या. डिकन्सची 'पिकविक पेपर्स' १८३६-३७मध्ये मासिक भागांत निघाली. प्रत्येक हप्त्यात वाचकाला पुढच्या महिन्यापर्यंत धरून ठेवायचं, तर पात्रं ठसठशीत हवीत आणि थोडी भरताडही चालायची. मी ती पानं सरळ उलटतो.

नवी कादंबरी पहिल्याच ओळीत गचांडी धरते. प्रकरणं आटोपशीर, काळ वर्तमान, निवेदक 'मी'. वाचून लवकर होते, आणि विसरूनही. एकाच डोक्यात तीनशे पानं कोंडून घेतल्यावर इतर पात्रं नुसती येऊन-जाऊन राहतात.

याउलट टॉलस्टॉयची 'अॅना कॅरेनिना'. पुढे प्रियकर होणाऱ्या व्रॉन्स्कीची भेट झाल्यानंतर विवाहित अॅना पीटर्सबर्गच्या स्टेशनवर उतरते आणि नवऱ्याचे कान तिच्या डोळ्यांत खुपतात. इतकी वर्षं तेच कान होते की! संसार मोडायला सुरुवात झाली हे लेखक सांगत बसत नाही. आणि पुढे त्याच रुक्ष नवऱ्याबद्दल आपल्याला कणव वाटायला लावतो. सगळ्या पात्रांच्या मनातलं जाणणाऱ्या सर्वज्ञ निवेदकाला जुनाट म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

नव्यांचं एक मात्र मानतो: शेवट. लग्न किंवा मृत्यू लावून सगळ्यांची सोय करण्याची घाई त्यांना नसते. प्रवासात मी नवीच घेतो. लांब सुट्टी असली की जुनी, तीही जाडजूड.