जुना लॉट, नवा लॉट की नवा ब्रँड? .22 चं काडतूस बदलण्याआधी

2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं. तेव्हापासून सांगली-मिरजेकडेही एअर रायफल सोडून .22 बोअरच्या रायफलकडे वळणारी मुलं दिसू लागली आहेत. पहिल्या वर्षीच त्यांच्यापुढे प्रश्न येतो: काडतुसं संपत आलीत, आता तीच घ्यायची की भारीतली?

स्पर्धा महिन्याभरावर असेल तर काहीही बदलू नका, हे आधी सांगतो. उरलेल्यातल्या 150 गोळ्या स्पर्धेसाठी बाजूला काढा आणि सराव दुसऱ्यांवर करा. स्पर्धा लांब असेल तरच पुढचं वाचा.

सेंटरफायर काडतूस (ज्याच्या बुडाच्या मध्यभागी प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी असते) स्वतः भरणारा माणूस प्रायमर बदलला की दारूचं माप खाली आणतो आणि पायरीपायरीने वर नेतो, कारण प्रायमरनुसार दाब बदलतो. आपल्याला ती सोय नाही. .22 रिमफायर असतं: पेट घेणारं मिश्रण काठाच्या आतल्या घडीत भरलेलं, एकदा रायफलची पिन आदळली की काडतुसाची पितळी केस वाया गेली. म्हणून आपल्या हातात फक्त लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेली खेप, निवडणं उरतं. त्याच कंपनीचा नवा लॉट हे माझ्या लेखी नवं काडतूसच. पेटीवरचं नाव तेच असलं तरी तुमच्या बॅरलला तो मानवेलच असं नाही.

फरक किती पडतो ते गणिताने बघा. 325 मीटर प्रतिसेकंद वेगाची गोळी 50 मीटरवर साधारण 12 सेंटिमीटर खाली येते. तीच 315 ने निघाली तर आणखी सात-आठ मिलिमीटर खाली. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. सगळा लॉट एकसारखा हळू असेल तर साइटच्या (नेम धरायच्या भागाच्या) दोन-चार क्लिकमध्ये भागतं. एकाच पेटीत वेग वरखाली होत असेल तर क्लिक काही करू शकत नाहीत. टेनेक्स किंवा आर-50 सारख्या भारी काडतुसांचे जास्तीचे पैसे या एकसारखेपणासाठी असतात.

मग स्वस्तातलं एसके स्टँडर्ड प्लस घ्यावं की टेनेक्स? गुडघ्यावर बसल्यावर ज्याची रायफल अजून डुलते, त्याला महाग काडतूस दहा काढून देणार नाही. त्याने स्वस्तातल्या एकाच लॉटच्या जास्त पेट्या घ्याव्यात आणि गोळ्या झाडाव्यात. पडून मारताना ज्याचं ग्रुपिंग (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पसारा) त्याच्या शरीरापेक्षा काडतुसामुळे मोठं होतंय, त्याने भारीतलं बघावं. हे ओळखायला रायफल टेकूवर ठेवून दहा-दहाचे चार-पाच ग्रुप मारा. ब्रँड बदलत असाल तर आधी बॅरल साफ करा आणि पंचवीस-तीस गोळ्या मोजणीत धरू नका. शिशावरच्या मेणाचा थर बसेपर्यंत मार भरकटतो.

चाचणीची वेळही वहीत लिहा. साताऱ्याची डिसेंबरातली सकाळ आणि सांगलीची मे महिन्यातली दुपार यांत एकच लॉट वेगळा वागतो. गाडीच्या डिकीत तापलेली पेटी तर चाचणीला घेऊच नका.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र स्वस्त-महाग बघायचं नाही. नव्या लॉटमध्ये एखादा बार नेहमीपेक्षा दबका वाजला तर थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर बॅरल फुगते किंवा फाटते. रायफल रिकामी करा, बोल्ट (मागचा सरकता भाग) काढा, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघा. पिन पडूनही बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. मुलं घाईत लगेच उघडतात, तेव्हा शेजारी उभं राहून मोठ्यांनी ‘थांब’ म्हणायला हवं. मॅच रायफलमध्ये हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) काडतुसं प्रयोगादाखलही नकोत.

खरेदीपुरतं एवढंच: परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. ती मर्यादा पाच ब्रँड चाखण्यात घालवू नका. दुकानातून आधी दोन लॉटच्या दोन-दोन पेट्या आणा, आणि विक्रेत्याला जमत असेल तर चाचणी होईपर्यंत त्याच लॉट नंबरचा बाकीचा माल बाजूला ठेवायला सांगून या.