स्लीप की हायबरनेट? जुना लॅपटॉप असेल तर आधी बॅटरी बघा

माझा विंडोजचा लॅपटॉप २०१४ चा, आठ जीबी रॅम, बॅटरी नावाला. नाशिकच्या सिडकोत लाईट गेली की वीसेक मिनिटं तग धरतो आणि २३ टक्के दाखवत असतानाच धाडकन बंद. त्यामुळे झाकण लावल्यावर स्लीप ठेवायचं, हायबरनेट ठेवायचं का सरळ शटडाऊन, हे सगळं मी करून बघितलंय.

स्लीपमध्ये बाकी सगळं थांबतं पण रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीला, करंट चालू राहतो, म्हणून झाकण उघडलं की दोन-तीन सेकंदात काम होतं तिथून सुरू. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं सी ड्राइव्हवरच्या एका फाईलमध्ये उतरतं आणि मशीन खरोखर बंद होतं, मग बॅटरी काढून ठेवा नाहीतर चार दिवस गावाला जा.

घरात, चार्जर लावलेला आणि इन्व्हर्टर असेल तर स्लीपच भारी, उगाच डोकं लावू नका. प्रवासात मात्र स्लीपनं मला चांगलाच धडा दिला. पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला चाललेलो, नाशिकरोडला स्लीपमध्ये टाकून बॅगेत ठेवला, आणि कसारा गेल्यावर बॅग मांडीवर घेतली तर खालून इस्त्रीसारखी गरम! लॅपटॉप आत जागाच होता, पंखा घरघरत होता. गाडीतच कमांड प्रॉम्प्ट उघडून 'powercfg /lastwake' (लॅपटॉप कशानं जागा झाला ते सांगणारी कमांड) टाकलं तर यूएसबीचं नाव आलं, म्हणजे वायरलेस माऊसचा डोंगल मी तसाच ठेवलेला आणि माऊस बॅगेत हलत होता, प्रत्येक धक्क्याला लॅपटॉप उठत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली कॉम्प्युटर जागा करायची परवानगी काढली, तेव्हापासून शांत. वायफाय कार्डाचीही काढून टाका.

हायबरनेटला ही भानगड नाही पण त्याचे स्वतःचे नखरे आहेत. जुन्या हार्ड डिस्कवर लिहायला माझ्याकडे मिनिटभर जायचं, आणि तेवढ्यात लॅपटॉप बॅगेत कोंबून गाडीला किक मारली तर फिरत्या डिस्कला धक्के बसतात, म्हणून लॅपटॉपवरचा दिवा विझेपर्यंत थांबा. एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) टाकल्यावर हेच काम दहा-पंधरा सेकंदात होतं. एसएसडी झिजेल म्हणून लोक घाबरतात, पण दिवसातनं एक-दोनदा हायबरनेट केल्यानं काही होत नाही.

मेनूत हायबरनेट दिसतच नसेल तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये 'powercfg /hibernate on' चालवा, मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या सेटिंगला जाऊन टिक करा. आणि स्लीपच गायब असेल तर बहुतेकदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेला नसतो, विंडोज आपला साधा ड्रायव्हर लावून बसतं.

आता माझ्यासारखी बॅटरी असलेल्यांसाठी मेन गोष्ट. विंडोज साधारण ५ टक्क्यांना हायबरनेटला जातं, पण बॅटरी २३ ला मरत असेल तर ५ येणारच कुठून? पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये बॅटरीची क्रिटिकल लेव्हल ३० करा, ॲक्शन हायबरनेट ठेवा, लो लेव्हल त्याच्या वर ठेवा. हे केल्यापासून लाईट गेल्यामुळे माझी एकही एक्सेल शीट उडालेली नाही.

शटडाऊनबद्दल एवढंच, की फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तेही अर्धं हायबरनेटच असतं, खरं कोरं सुरू करायचं तर रीस्टार्ट मारा. आणि शेजारी लिनक्स टाकलेलं असेल तर फास्ट स्टार्टअप बंदच करा, नाहीतर तिकडून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहायला अडचण येते.

लाईट गेल्यावर छतावरचा पंखा थांबायच्या आत लॅपटॉप मरत असेल तर मात्र वरचं काहीच उपयोगाचं नाही. 'powercfg /batteryreport' चालवा, मूळ क्षमता आणि आताची फुल चार्ज क्षमता शेजारी शेजारी बघा. माझी ४१ हजार mWh ची (मिलीवॉट-अवर, बॅटरीच्या क्षमतेचं माप) १३ हजारांवर आलीय आणि मी तरी हायबरनेटवर ढकलतोय, पण तुमची चार-पाच हजारांवर असेल तर एमजी रोडला जाऊन नवीन बॅटरी बघा, फक्त जाताना जुनी काढून सोबत न्या, त्याच्यावरचा पार्ट नंबर जुळवूनच घ्या.