रोज हातात असलेलं महागडं घड्याळ आणि त्यावरचे चरे: १४ महिन्यांनंतर

पहिला चरा नवव्या दिवशी पडला. नक्की आठवतं, कारण आधीचे आठ दिवस मी दुसरं काही केलंच नव्हतं, फक्त घड्याळ जपलं होतं. लिफ्टमधून बाहेर पडताना मनगट दाराच्या कडेला घासलं. आवाज अगदीच बारीक आला, पण पोटात गोळा आला. उजेडात जाऊन पाहिलं तर केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, चकचकीत बाजूवर, आठच्या आकड्याजवळ, तीनचार मिलिमीटरची एक रेघ. आधी वाटलं डोक्यावरचा केस चिकटलाय. अंगठ्याने पुसला. गेला नाही. समोरून पाहिलं तर दिसायचा नाही, ट्यूबलाइटखाली घड्याळ थोडं कलतं केलं की लख्ख. त्या दिवशी मी घड्याळ किमान पन्नास वेळा कलतं केलं असेल, आणि वेळ बहुधा एकदाही पाहिली नाही.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा ब्रँडवर जाते आणि चरे बाजूला राहतात. घड्याळ कसं आहे तेवढं सांगतो: ३१६एल नावाच्या प्रकारच्या स्टीलची केस, तिच्या बाजू आरशासारख्या आणि वरचा भाग बारीक रेघांचा, म्हणजे ज्याला ब्रश फिनिश म्हणतात तो. काच सफायरची, बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, सिरॅमिकचं, पट्टा स्टीलच्या कड्यांचा. ऐपतीच्या जरा बाहेर जाऊन घेतलं, आणि घेतानाच ठरवलं होतं की कपाटात ठेवायचं नाही. ऑफिस, प्रवास, पोहणं, बाजारहाट, सगळीकडे हेच. सुरुवातीला फक्त व्यायाम करताना आणि झोपताना काढायचो.

चौदा महिन्यांनी सर्वांत वाईट अवस्था क्लास्पची आहे. पट्टा जिथे मिटतो तो मनगटाखालचा तुकडा. तो आता इतका ओरखडलाय की त्यावर मूळच्या ब्रशच्या रेघा कोणत्या आणि माझ्या कोणत्या ते मलाच सांगता येत नाही. याचा गुन्हेगार लॅपटॉप. टाइप करताना मनगट जिथे टेकतं, तिथे क्लास्प दिवसभर पुढेमागे घासत राहतो. मला वाटायचं, अॅल्युमिनियम मऊ, ते स्टीलचं काय बिघडवणार? पण धातूच्या लॅपटॉपचा पृष्ठभाग अॅनोडाइझ केलेला असतो, म्हणजे वर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ, कडक थर असतो. घड्याळाची सफायर काच रासायनिकदृष्ट्या तेच अॅल्युमिनियम ऑक्साइड. त्यात टेबलावरची धूळ. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि कडकपणाच्या १ ते १० च्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर बसतं. स्टील त्याच्या खाली. म्हणून शर्टाच्या बाहीनेसुद्धा चरे पडतात. कापड बिचारं निर्दोष असतं, त्यात अडकलेला कण घासतो.

काचेचं मात्र कौतुक करायला हवं. चौदा महिन्यांत काचेवर एकही ओरखडा नाही. भिंतीला घासली, गाडीच्या दाराला लागली, एकदा दगडी कठड्यावरही खर्रकन गेली. सफायर मोह्सवर ९, तिच्या वर हिराच. फक्त घेताना एक विचारून घ्या, चकाकी कमी करणारा थर काचेच्या आतून आहे की बाहेरूनही. बाहेरून असेल तर काच शाबूत राहते पण तो थर ओरखडतो, आणि दिसायला ते काचेवरच्या चऱ्यासारखंच दिसतं. माझ्या घड्याळाला तो फक्त आतून आहे. हे मी घेताना विचारलं नव्हतं, नशिबाने तसं निघालं.

बेझलने मात्र एकदा जीव खाल्ला. पाचव्या महिन्यात काळ्या सिरॅमिकवर एक राखाडी, जाडसर रेघ दिसली. सिरॅमिकला चरा पडत नाही असं ऐकलं होतं आणि समोर तर चांगला सेंटिमीटरभर ओरखडा. रात्रभर डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की रेघ खोल गेलेली नाही, उलट पृष्ठभागाच्या वर बसली आहे. लोखंडी रेलिंगला बेझल घासलं होतं. सिरॅमिक रेलिंगपेक्षा कितीतरी कडक, त्यामुळे झिजलं ते रेलिंग आणि त्याचा धातू बेझलवर चिकटून राहिला, फळ्यावर खडू राहतो तसा. पेन्सिलचा साधा खोडरबर घेऊन मिनिटभर घासलं. साफ. त्यामुळे सिरॅमिकवर किंवा काचेवर राखाडी रेघ दिसली तर रडण्याआधी खोडरबर शोधा.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. तिसऱ्या महिन्यात मी धातू चमकवायचं औषध लावलेलं एक कापड आणलं. केसच्या चकचकीत बाजूवर त्याने खरोखर छान काम केलं. तो नवव्या दिवसाचा चरा पूर्ण गेला नाही, पण बोथट झाला, आजूबाजूचे केसासारखे बारीक ओरखडे तर दिसेनासेच झाले. हात सुरसुरत होता. त्याच उत्साहात क्लास्पवरही फिरवलं. क्लास्प ब्रश फिनिशचा! दोन मिनिटांत त्याच्या मधोमध नखाएवढा आरसा तयार झाला. आजूबाजूला रेघा आणि मधे तुळतुळीत टक्कल. चऱ्यांकडे कुणाचंही लक्ष गेलं नसतं, या टकलाकडे सगळ्यांचं गेलं.

ते निस्तरायला भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरसारखा, पण त्याहून बारीक दाण्याचा घासणीचा तुकडा वापरला. शेजारच्या चकचकीत कडा कागदी टेपने झाकल्या, क्लास्प टेबलावर पक्का धरला आणि मूळ रेघांच्याच दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हात न उचलता ओढत गेलो. पुढेमागे घासायचं नाही, एकाच दिशेने. गोल तर अजिबात नाही. सातआठ ओढींत रेघा परत आल्या. नीट निरखलं तर एका कडेला त्या किंचित तिरक्या गेल्यात, कारण तिसऱ्या ओढीला फोन वाजला आणि मी मान वळवली. ती तिरकी जागा अजून आहे. क्लास्पवर असा प्रयोग चालून जातो, तो खाली असतो आणि बहुतेक वेळा वेगळा बदलताही येतो. केसवर मी तो कधीच करणार नाही, आणि तुम्हीही करू नका.

केसचे चरे काढून घ्यावेत म्हणून सहाव्या महिन्यात एका जुन्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ फिरवून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "नख अडकतं का कुठे?" मी नखाने चाचपलं. एकाच ठिकाणी, पट्टा जोडायच्या डावीकडच्या खालच्या पायावर, जरासं अडकलं. "मग बाकीचे चरे नाहीतच म्हणा," ते म्हणाले. "आणि हा जो खोल आहे, तो काढायचा तर फक्त तो निघत नाही. चर पडतो तेव्हा धातू बराचसा कडेला दाबला जातो. पॉलिश करताना त्या चराच्या तळापर्यंत आजूबाजूचं सगळं खाली आणावं लागतं."

मग त्यांनी खणातून एक जुनं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. चमक अशी की नवं वाटावं. पण पट्टा जोडायचे चारही पाय वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल झाले होते. वरचा ब्रशचा भाग आणि बाजूचा चकचकीत भाग यांच्यामध्ये एक तिरकी, धारदार, आरशासारखी पट्टी असते. माझ्या घड्याळात मला सर्वांत जास्त आवडते ती हीच पट्टी. त्या घड्याळावर तिचा मागमूस नव्हता. "चार वेळा पॉलिश झालंय हे," काका म्हणाले, "दर वेळी मालक खूश होऊन गेला." मी माझं घड्याळ हातात घातलं आणि निघालो.

तेव्हापासून चऱ्यांकडे बघायची नजर बदलली, हे मान्य करतो. चरा पडल्यावर धातू बहुतांशी घड्याळातच राहतो, पॉलिशने तो कायमचा जातो. लेझर वेल्डिंगने धातूची भर घालून कडा पुन्हा घडवता येतात, पण ते काम करणारे कारागीर मोजके आणि ते स्वस्तात होत नाही. म्हणून पूर्ण सर्व्हिसला घड्याळ देताना पावतीवरच लिहून घ्या की पॉलिश करू नये. नुसतं तोंडी सांगू नका. अनेक ठिकाणी पॉलिश सर्व्हिसचाच भाग असतं आणि तुम्ही काही बोलला नाहीत तर आपोआप होतं. जुनी घड्याळं जमवणारे लोक पॉलिश न झालेल्या केससाठी जास्त पैसे मोजतात, ते उगाच नाही.

"दुसऱ्या धातूचं घ्यायला हवं होतं का?" हा प्रश्न मित्र विचारतात, म्हणून थोडं त्याबद्दल. ३१६एल स्टीलचा कडकपणा विकर्स मापावर साधारण २०० च्या आसपास असतो. रोलेक्स वापरते ते ९०४एल स्टील कमी ओरखडतं असा एक लाडका समज आहे. त्या स्टीलचा खरा गुण गंज आणि खारं पाणी यांना जास्त दाद न देणं हा आहे. चऱ्यांच्या बाबतीत दोन्ही सख्खी भावंडं. ग्रेड ५ टायटॅनियम ३५० च्या आसपास जातं, पण त्यावरचा चरा गडद दिसतो. सोनं तर मऊच. जर्मनीच्या झिन कंपनीचं टेगिमेंट नावाचं कडक केलेलं स्टील १२०० विकर्सपर्यंत पोचतं आणि रोजच्या घासण्याला ते खरंच दाद देत नाही. अडचण अशी की कडक थर पातळ असतो आणि खाली तेच मऊ स्टील. जोराचा फटका बसून पोचा आला तर तो पॉलिश करून काढता येत नाही, कारण पॉलिश केलं की थरच जाणार. पूर्ण सिरॅमिकच्या केसला चरे जवळपास पडत नाहीत, पण फरशीवर पडली तर तडा जाऊ शकतो आणि मग अख्खी केस बदला. मला स्टील परवडतं. ते लाज राखून मार खातं.

ही काळजी काही आजची नाही. १९३१ मध्ये आलेलं जेजर-लेकूल्त्र या घड्याळ कंपनीचं रिव्हर्सो पोलो खेळताना काच वाचावी म्हणून चक्क पालथं करता येईल असं बनवलं होतं. १९६२ मध्ये राडोने टंगस्टन कार्बाइडचं डायास्टार आणलं ते चरे पडू नयेत याच हट्टापायी. त्या मानाने माझी नवव्या दिवसाची रडारड फारच किरकोळ.

सध्या करतो ते एवढंच. आठवड्यातून एकदा किल्ली, म्हणजे वेळ लावायचं बाजूचं बोंड, घट्ट बसली आहे ना हे पाहून कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश घेऊन पट्टा धुतो. कड्यांच्या फटीत धूळ आणि घाम यांचा जो काळा राप बसतो, तो आतून पॉलिश पेपरसारखंच काम करतो. कड्या झिजतात आणि पट्टा सैल पडून लोंबायला लागतो. लॅपटॉपवर बसलो की क्लास्प उघडून घड्याळ बाजूला, मऊ कापडावर, पण कुशीवर नाही. कुशीवर ठेवलं की किल्ली किंवा क्लास्प टेबलाला घासतो. पट्टा काढताना पायांच्या आतल्या बाजूंना टेप लावतो, कारण तिथले चरे घड्याळ घातल्याने नव्हे, हत्याराने पडतात. पारदर्शक संरक्षक फिल्मही लावून पाहिली. क्लास्पवर दोन महिने बरी टिकली, मग कडांना मळ धरून पिवळट दिसायला लागली. चऱ्यांपेक्षा ती पिवळी कड जास्त खुपली. काढून टाकली.

नवव्या दिवसाचा चरा आता शोधावा लागतो. त्याच्या आजूबाजूला इतर इतके जमलेत की तो गर्दीत हरवलाय, आणि लांबून पाहिलं तर सगळी बाजू मिळून एक मऊसर झाक दिसते. नखाला अडकणारा तो एक मात्र लगेच सापडतो. मीटिंग लांबली की अंगठा आपोआप तिथे जातो.

घरात तक्रार आहे, पण ती घड्याळाबद्दल नाही. काचेच्या टेबलावरून काल फडकं फिरवताना हात जरा जास्तच खाली गेला आणि कर्रर्र आवाज आला. मी सवयीने आधी बेझल पाहिलं. त्याला काही झालं नव्हतं. टेबलावर वीतभर लांब, पांढरी, सरळ रेघ आहे, नख चांगलंच अडकतं आणि खोडरबराने जात नाही. करून पाहिलं.