विदर्भातल्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी: १०० लिटरचा तयार संच कसा आहे

खोक्यावरच्या चित्रात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा आहे. तो पर्क्युला क्लाउनफिश. पापुआ न्यू गिनी, सोलोमन बेटं, वानुआतू आणि ऑस्ट्रेलियाचा ईशान्य कोपरा एवढंच त्याचं घर, म्हणजे बहुतेक सगळा मेलानेशियाच. पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटाच्या किंबे उपसागरात प्रवाळावरचं पाणी २८ ते ३० अंशांच्या आसपास असतं. हा आकडा आधी डोक्यात बसवा. सोबतच्या पुस्तिकेत '२४ ते २६ अंश' छापलंय आणि ते वाचून आपल्याकडचा माणूस चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्यायला धावतो. चिलरची किंमत अख्ख्या संचापेक्षा जास्त होते, आणि या माशासाठी त्याची गरज नाही.

संचात ७५ × ३५ × ४० सेंमीची ८ मिमी काचेची टाकी, मागे तीन कप्प्यांचं फिल्टर, १२ वॅटचा पंप, ६ वॅटचा लाटा करणारा छोटा पंप, १०० वॅटचा हीटर, ४० वॅटचा दिवा, कडेला अडकवायचे दोन पंखे, तीन किलो मीठ आणि खारटपणा मोजायचा प्लॅस्टिकचा काट्याचा हायड्रोमीटर येतो. मागचे कप्पे, वाळू आणि दगड वजा केले की प्रत्यक्षात ८५ लिटर पाणी बसतं. काच आणि जोडकाम उत्तम आहे. दिवा मासे आणि शेवाळ्यापुरता ठीक. पंखे या किमतीत अपेक्षेपेक्षा चांगले निघतात. चूक आहे ती मागच्या शेवटच्या कप्प्यात, आणि विदर्भात ती दुसऱ्याच दिवशी दिसते.

पाणी वाफ होऊन टाकीभर उडतं, पण पातळी खाली जाते ती फक्त पंपाच्या कप्प्यात. तो जेमतेम चार लिटरचा. मे महिन्यात पंखे चालू असताना या टाकीतून दिवसाला सुमारे तीन लिटर पाणी उडतं. म्हणजे दीड दिवसात पंप हवा ओढायला लागतो, टाकीभर बारीक बुडबुडे होतात, आणि हीटर त्याच कप्प्यात असेल तर उघडा पडून त्याची काच तडकते. उन्हाळ्यात हीटरचा प्लग काढूनच ठेवा. चिकटलेल्या थर्मोस्टॅटचाही धोका त्यात टळतो.

उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. कूलरच्या टाकीत सप्टेंबरात पांढरा थर दिसतो, तोच प्रकार. तीन दिवस पाणी भरलं नाही तर ८५ लिटरचे ७६ उरतात आणि खारटपणा हजारी ३५ वरून ३९ वर जातो. मासा एकदम मरत नाही. आधी खाणं सोडतो, गोगलगाई काचेवरून गळून पडतात, आणि मग आपण आजार शोधत बसतो. भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. मिठाचं पाणी घातलं तर रोग वाढतो.

यावर उपाय कूलरच्याच दुकानात मिळतो: कूलरचा फ्लोट व्हॉल्व्ह. पूर्ण प्लॅस्टिकचा घ्या, पितळी नको, कारण पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि गोगलगाई, कोळंबी त्याने मरतात. तो पंपाच्या कप्प्यात बसवा आणि वर ठेवलेल्या डब्यातून आरओच्या पाण्याची नळी त्याला जोडा. डबा दहा लिटरचाच ठेवा. व्हॉल्व्ह अडकून सगळं पाणी उतरलं तरी खारटपणा ३१ च्या खाली जाणार नाही. २० लिटरची कॅन लावली तर २८ वर येईल. मिठाची पापडी बसून व्हॉल्व्ह अडकतोच, म्हणून आठवड्याला बोटाने हलवून बघा.

आता पंखे. नवतपात बाहेर ४५ अंश असताना टाकी २७ वर राहते, हे पाहून लोक चकित होतात. पण हवा कोरडी आहे आणि पंखा तेच करतो जे खिडकीतला कूलर करतो. एक लिटर पाणी उडताना सुमारे ०.६७ युनिटइतकी उष्णता घेऊन जातं, म्हणजे तीन लिटरला दोन युनिट. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर २३ च्या आसपास दाखवतो. पाणी त्याच्या दोन-चार अंश वर येऊन थांबतं. खरी पंचाईत जुलैत. बाहेर ३२ अंश, आर्द्रता ८० टक्के, ओला थर्मामीटर २९ वर. तेव्हा पंखा कितीही फिरवा, पाणी ३० च्या खाली उतरत नाही. मे निभावला म्हणून निश्चिंत झालेल्यांच्या टाक्या पोळ्याच्या आधी रिकाम्या होतात त्या यामुळे.

तीस अंश म्हणजे पर्क्युलाला परकं पाणी नव्हे. मारक असते ती प्राणवायूची कमतरता. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला सव्वासहा, आणि त्याच वेळी माशाची भूक व श्वास दोन्ही वाढलेले. म्हणून जुलै-ऑगस्टात लाटांचा पंप वर वळवून पृष्ठभाग ढवळता ठेवा, दिवा आठऐवजी पाच तास, खाणं दिवसातून एकदाच. पाणी ३१ च्या वर गेलं तर बर्फ झालेली एक लिटरची बंद बाटली मागच्या कप्प्यात सोडा. ८५ लिटर पाणी त्याने सव्वा अंश उतरतं. एका वेळी एकच. झाकणाची काच उन्हाळा-पावसाळा काढून ठेवा आणि तिच्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणा, नाहीतर सकाळी मासा फरशीवर सापडेल.

मीठ बरं आहे, हायड्रोमीटर टाकाऊ. काट्याला बुडबुडा चिकटला की तो उचलला जातो आणि आकडा जास्त दाखवतो. आपण खूश होऊन पाणी पातळ करतो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून प्रकाश बघून खारटपणा सांगणारं साधन, वेगळा घ्या आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून पस्तिसाला बरोबर असेलच असं नाही. मीठ लिटरला ३६-३७ ग्रॅम लागतं, म्हणजे ८५ लिटरला तीन किलोच्या वरच. तीन किलोची पिशवी देऊन 'पूर्ण संच' म्हणणं ही चलाखीच. दर आठवड्याला साडेआठ लिटर पाणी बदलायचं, त्याला ३०० ग्रॅम मीठ आणखी.

पाणी कुठलं, यावर बरंच अवलंबून. बोअरचं सरळ वापरू नका. खतांचं नायट्रेट आणि जडपणा सोबत येतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात 'आमचं पाणी मुळातच खारं' असा युक्तिवाद ऐकू येतो. ते खारं आहे, समुद्री नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात कॅल्शियम ४०० आणि मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास, ठरलेल्या प्रमाणात असतं. पूर्णेच्या गाळातलं पाणी विहिरीगणिक बदलतं. खायचं मीठ आणि सैंधवही याच कारणाने बाद. गावातल्या आरओ प्लांटचं पाणी चालेल, पण विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस पेन सोबत न्या. चवीसाठी कच्चं पाणी मिसळलेलं असतं, त्यामुळे ८०-१०० आकडा सहज दिसतो. तो दहाच्या खाली आणायला उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनची एक नळी पुरते. घरचा आरओ असेल तर मिनरल कार्ट्रिजच्या आधीच्या जोडातून पाणी घ्या. मीठ मिसळायचं ते वेगळ्या बकेटीत, छोटा पंप लावून, २४ तास. पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका. दुधासारखा साका बसतो तो कॅल्शियमचा, आणि तो परत विरघळत नाही. फवारणीला एकदा जरी वापरली असेल ती बकेट या कामाला नको. डासांची अगरबत्ती आणि लिक्विडचं यंत्रही त्या खोलीतून हलवा. त्यातली पायरेथ्रॉइडं, म्हणजे कीटकनाशकं, माशांना आणि कोळंबीला घातक.

मासे लगेच आणायचे नाहीत. दगड सुकाच घ्या. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा 'समुद्रातला जिवंत दगड' म्हणून कुणी देत असेल तर पाठ फिरवा. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्यांना खाद्य म्हणून अमोनिया लागतो. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा नको; कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध घ्या. ८५ लिटरला अर्धा ग्रॅम टाकला की अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅमवर येतो. तो आधी नायट्राइट होतो, मग नायट्रेट. अर्धा ग्रॅम टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, की टाकी तयार. एका चाचणीवर भरवसा नको, तीन दिवस ओळीने बघा. या चाचण्यांचे किट संचात नाहीत.

लाईन जाण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पंप एसीवरचा आहे. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो घुमतो आणि तापतो. कमी व्होल्टेजवर लाईन परत आली तर नुसता गुणगुणतो, आतली पाणी ढकलणारी पंखी फिरत नाही, आणि आवाज येतो म्हणून आपल्याला वाटतं पंप सुरू आहे. पाण्याची धार बघा, आवाजावर जाऊ नका. महिन्यातून एकदा पंखी काढून सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात अर्धा तास ठेवली तर निम्मा त्रास मिटतो. शिवाय लाईन जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंप लावाच. जुलैच्या रात्री पाणी स्थिर झालं तर मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडायला फार वेळ लागत नाही. वीज एरवी दिवसाला एक युनिटच्या आत. डिसेंबरात हीटरमुळे युनिट-सव्वा युनिट वाढते. कवेलूच्या घरात रात्री खोली १४ अंशांवर आली तर १०० वॅटचा हीटर काठोकाठ पुरतो, तेव्हा काचेचं झाकण परत लावा.

स्टँड मात्र घेऊ नका. भुशाच्या पाट्याचा आहे, खाऱ्या थेंबांनी वर्षात फुगतो. भरलेली टाकी सव्वाशे किलोच्या वर जाते. वेल्डरकडून अँगलचा करून तेलरंग मारा, किंवा कडप्प्याचा ओटा असेल तर तोच बरा.

मासे तीनच. दोन क्लाउनफिश आणि तळाला राहणारा एक छोटा गोबी मासा, सोबत चार-पाच गोगलगाई. पर्क्युला मिळाला नाही तर अंदमानातही आढळणारा ओसेलारिस घ्या. वागणं सारखंच, पाठीवरचे काटे मोजले तर त्याला सहसा अकरा, पर्क्युलाला दहा. कोणताही घ्या, पैदास केंद्रातला घ्या. दोन सारख्या आकाराचे घेतले तर भांडतात, आणि त्याला कारण आहे. पापुआ न्यू गिनीतल्या मादांगच्या लगूनमध्ये पर्क्युलांचा अभ्यास करून पीटर बस्टन यांनी २००३ साली दाखवलं, की एका सी-अ‍ॅनेमोनीवरच्या (हे मासे ज्यात राहतात तो फुलासारखा समुद्री प्राणी) गटात सगळ्यात मोठी मादी, तिच्याखाली नर, मग बाकीचे. आणि खालचा मासा वरच्याला आव्हान वाटू नये म्हणून स्वतःची वाढच रोखून धरतो. वरचा खालच्याच्या साधारण सव्वापट असतो. तेव्हा एक पाच सेंमीचा, एक चारचा, असे निवडा. अ‍ॅनेमोनी नसली तरी ते मजेत राहतात. मँडरीन मासा कितीही देखणा असो, एवढ्याशा टाकीतले कोपेपॉड, म्हणजे बारीक कवचधारी जीव, तो महिन्या-दोन महिन्यांत संपवतो आणि उपाशी मरतो.

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने पिशवी आली, की ती टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवा, पण फोडून तासभर थेंब थेंब पाणी घालत बसू नका. रात्रभरात पिशवीत अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही साठलेले असतात. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू (पीएच) चढतो आणि तोच अमोनिया विषारी बनतो. विक्रेत्याला खारटपणा आधीच विचारून वेगळ्या छोट्या टाकीत तितकाच ठेवा, मासा जाळीने उचला, पिशवीचं पाणी मोरीत. आजार दिसतो का बघायला त्या छोट्या टाकीत महिनाभर, मग मोठीत.

सगळं धरून बघता टाकी, पंखे आणि दिवा यांसाठी हा संच घेण्यासारखा आहे. मीठ, रिफ्रॅक्टोमीटर, व्हॉल्व्ह, हवापंप आणि चाचण्यांचा खर्च वेगळा धरा. विकत घेतानाच पंपाची एक जादा पंखी मागून घ्या. कंपनी ती सुटी देते, पण तालुक्याच्या दुकानात ती मिळत नाही, आणि पंखी मोडते ती नेमकी लाईन ये-जा करत असताना.