क्रिस्टलचे वाइन ग्लास : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला मी क्रिस्टलचे सहा वाइन ग्लास घेतले. आज त्यांतले पाच शिल्लक आहेत.

खरेदीपूर्वी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका दुकानात विक्रेत्याने ग्लासला टिचकी मारून घंटेसारखा नाद ऐकवला आणि "साहेब, आवाजच सांगतो," असे म्हणून तो मोकळा झाला. मात्र ग्लासमध्ये शिसे आहे की नाही, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते, आणि बिनशिशाचे चांगले क्रिस्टलही तसेच वाजते. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने 1674 मध्ये शिसेयुक्त काचेचे पेटंट घेतले, तेव्हापासून ही काच तिच्या चकाकीसाठी आणि नक्षी कोरण्यातील सोयीसाठी वापरात आहे. युरोपीय नियमांनुसार 'लेड क्रिस्टल' म्हणवण्यासाठी तिच्यात किमान 24 टक्के लेड ऑक्साइड असावे लागते. तासाभराच्या पिण्यात त्यातून शिसे फारसे उतरत नाही. पण अशा काचेच्या डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या सुरईत, वाइन दिवसेंदिवस भरून ठेवणे धोक्याचे असते. मला हा विचारच डोक्यात नको होता, म्हणून खोक्यावर 'लेड-फ्री' असे स्पष्ट छापलेले, यंत्रावर बनवलेले, 450 मिलीचे ग्लास दुसरीकडून घेतले. सहांचे 4,800 रुपये पडले.

पैसे वसूल झाले ते कडेमुळे. स्वस्त ग्लासच्या कडेवरून बोट फिरवले, तर काचेची गोलसर, जाड गाठ लागते आणि पिताना ओठांना आधी तीच जाणवते. माझ्या ग्लासची कड कापून गुळगुळीत केलेली असल्याने तिथे काच आहे हे जवळपास विसरायला होते. वर निमुळता होत गेलेला ग्लास एक तृतीयांशच भरून हलकेच फिरवला की नाशिकच्या शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनचा वास त्यात कोंडून राहतो, आणि दांडी धरून पिण्याची सवय लागल्यावर एप्रिलच्या उकाड्यातही हाताच्या उबेने वाइन लवकर कोमट होत नाही. प्रत्येक वाइनसाठी निराळ्या आकाराचा ग्लास हवा, हे मला मात्र पटलेले नाही. घरी एक मध्यम आकार पुरतो. तांबड्या रश्श्याच्या दोन वाट्या पोटात गेल्यावर तर कोणत्याच ग्लासचा काही उपयोग नसतो.

खरी कसोटी धुण्यापुसण्यात लागली. आमच्याकडे वापरायला बोअरचे पाणी आहे आणि त्यातील क्षारांचे पांढरे डाग दुसऱ्याच आठवड्यात काचेवर दिसू लागले. आता मी शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा देतो आणि महिन्यातून एकदा पाण्यात पांढरे व्हिनेगर घालून ग्लास बुडवून ठेवतो. डाग निघून जातात. पुसायला वडिलांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यासारखे दुसरे काही सापडलेले नाही, कारण त्याचे तंतू काचेला चिकटत नाहीत. याच तुकड्याने पुसताना मी एका हाताने तळ धरला आणि दुसऱ्या हाताने वरचा पेला पिळल्यासारखा फिरवला. 'कट्' असा बारीक आवाज झाला आणि दांडी माझ्या एका हातात, पेला दुसऱ्या हातात राहिला. पेला पुसताना हाताचा आधार पेल्यालाच द्यायचा असतो, हे तेव्हा कळले.

ठेवण्याच्या जागेचा विचारही आधीच करायला हवा होता. ग्लासची उंची 22 सेंटीमीटर आणि आमच्या कपाटाचा खण 20 सेंटीमीटरचा. त्यामुळे त्यांची रवानगी मसाल्याच्या उंच खणात झाली. धूळ बसू नये म्हणून ते पालथे ठेवले आणि पुढच्या वेळी वाइनला कांदा-लसूण चटणीचा वास आला. पालथ्या ग्लासमध्ये खणातील वास कोंडतो, शिवाय सगळा भार नाजूक कडेवर येतो. आता ते दिवाणखान्यातील कपाटात सरळ उभे आहेत.

सहावा ग्लास मागवायला गेलो, तर हे ग्लास सुटे विकत नाहीत, जोडीच घ्यावी लागते, असे उत्तर मिळाले. त्यामुळे आता घरात सात होतील.