अंदमानच्या समुद्रापासून शेतातल्या विहिरीपर्यंत: अख्ख्या घराच्या फुल स्लीव्ह स्विमसूटचा अनुभव

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा आम्ही घरातल्या सगळ्यांसाठी पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे स्विमिंगचे कपडे घेतले. सगळे म्हणजे मी, आमचे हे, दोन लेकरं, सासूबाई आणि नणंद. जानेवारीत ते समुद्रात वापरले, उन्हाळ्यात शेतातल्या विहिरीत, आणि तिथून आल्यावर मी नि मुलगी लातूरला पोहण्याच्या तलावावर महिलांच्या बॅचला जायला लागलो तिथे अजूनही वापरतोय. ऑनलाइन रिव्ह्यू बहुतेक पार्सल उघडल्याच्या दिवशी लिहिलेले असतात. खारं पाणी, क्लोरीन आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी या तिन्हींतून गेल्यावर कापडाचं काय होतं, हे मला घेताना कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितेय.

या सहलीत विमान, हॉटेल, बोट यांवर जो खर्च झाला त्यात सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा या कपड्यांचा. कारण त्यामुळे घरातल्या बायका समुद्रात उतरल्या. आपल्याकडच्या कुठल्याही कुटुंबाची गणपतीपुळ्याची नाहीतर गोव्याची सहल आठवून बघा. पुरुष नि लेकरं पाण्यात, आणि बायका वाळूत बसून चपला, मोबाइल, पाकिटं सांभाळतायत. फार तर घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून एक फोटो. माझ्या आईनं समुद्र पाहिला तो असाच. हौस नसते असं नाही. सहावारी म्हणजे साडेपाच मीटर कापड. ते भिजून जड झालं आणि लाटेनं पायात गुंडाळलं की माणूस उभा राहू शकत नाही, आणि हा खरोखरचा धोका आहे. पंजाबी ड्रेस अंगाला चिकटतो, ओढणी गळ्यात अडकते, आणि बाहेर येताना चारचौघांत अवघडल्यासारखं होतं. मग "मी बसते इथंच, तुम्ही जा" हे ठरलेलं वाक्य येतं.

आमचे सेट असे आहेत: मुलांना आणि यांना वर घट्ट फुल टी-शर्ट, ज्याला रॅश गार्ड म्हणतात, आणि खाली लेगिंग. आम्हा बायकांना मांडीपर्यंत येणारा सैलसर अंगरखा, पुढे गळ्यापर्यंत चेन, खाली लेगिंग, आणि कमरेला छोटा घेर. कापड नायलॉन-स्पँडेक्सचं. मोठ्यांचा एक सेट दीड हजाराच्या आतबाहेर पडला. लेबलवर यूपीएफ ५०+ लिहिलेलं आहे, म्हणजे अतिनील किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग कापडातून आत जातो. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा हाच आकडा पाच ते सातच्या आसपास असतो, आणि तो भिजला की आणखी घसरतो. टी-शर्ट घालून पोहलेली मुलं तरी खांद्यावर का भाजतात, ते यावरून कळावं.

मापाबद्दल एक सांगते. आपण लेकरांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतो, तसे हे घेऊ नका. सैल असले की आत पाणी भरून फुगतात आणि पोहताना वर सरकतात. कोरडे असताना किंचित घट्ट वाटतील असेच घ्या. छातीचं माप टेपनं मोजून तक्त्याशी जुळवा, नेहमीच्या कुर्त्याच्या साइझवर जाऊ नका. आणि रंग! मुलांच्या कपड्यांत दुकानदारांकडे निळा नि काळाच जास्त असतो, पण निळ्या पाण्यात निळा सदरा दिसत नाही. आम्ही दोघांनाही भडक नारिंगी घेतले. हॅवलॉक बेटावरच्या राधानगर बीचच्या गर्दीत पन्नास-साठ डोक्यांतून आपली दोन कुठली, ते एका नजरेत कळायचं.

आता त्या दिवसाच्या आखणीबद्दल, कारण कपडे आणि वेळ यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो. हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप, जवळजवळ ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि लातूर साडेशहात्तरवर. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य तिथे आपल्यापेक्षा तासाभरानं पुढे असतो. जानेवारीत तिथे साडेअकराच्या आतच तो डोक्यावर येतो आणि पाच-सव्वापाचला मावळतो. हॉटेलात निवांत नाश्ता करून दहाला बीचवर जाणारे लोक ऐन भाजायच्या वेळेला वाळूवर पोचतात. आम्ही साडेसहाला पाण्यात होतो. साडेनऊला बाहेर येऊन झाडीच्या सावलीत घरून नेलेले धपाटे नि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दुपार खोलीवर काढली. साडेतीनला पुन्हा राधानगर, ते थेट सूर्यास्तापर्यंत. हा किनारा बेटाच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य समोर पाण्यातच बुडतो. पूर्वेच्या काला पत्थरला सूर्योदय बघा, संध्याकाळी तिकडे जाऊ नका.

भरती-ओहोटीचंही बघावं लागतं, आणि आपण नदी-तलावाची माणसं ते हमखास विसरतो. साधारण सहा तासांनी पाणी चढतं नि उतरतं, आणि रोजची वेळ पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याचा चढ-उतार मोठा; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. बेटाच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर, गोविंदनगर, विजयनगर इथे, ओहोटीला पाणी दूर जातं आणि खडक नि प्रवाळाचे दगड उघडे पडतात. तिथे लेकरांना सोडण्यात अर्थ नाही. राधानगरला तळ वाळूचा आहे, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मी तोच निवडला. तरी तिथेही लाइफगार्ड सांगेल तेवढ्याच पट्ट्यात राहायचं. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि फलक उगाच लावलेले नाहीत.

सासूबाई साठीच्या पुढच्या. लातूरला ड्रेस दाखवला तेव्हा म्हणाल्या, "मला कशाला गं माय हे, माझं वय हाय का?" मी आग्रह केला नाही, फक्त त्यांच्या बॅगेत घडी घालून ठेवला. राधानगरला नणंद आणि मी तो घालून खोलीबाहेर आलो, आणि त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. अंग कुठेच दिसत नाही, ही त्यांची खात्री झाली. मग स्वतःच म्हणाल्या, "आन बघू माझा." त्यांची एकच चिंता उरली होती, मंगळसूत्राची. काढायचं नाही, आणि समुद्रात वाहून गेलं तर? आम्ही ते आत घेतलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. त्यांनी वरून हात लावून दोन-तीनदा चाचपून पाहिलं. काचेच्या बांगड्या मात्र रुमालात बांधून ठेवायला लावल्या, कारण लाटेत पडलं तर फुटून मनगटात घुसतात. नणंदेनं एक हात धरला, मी एक. कमरेएवढ्या पाण्यात पहिली लाट छातीवर आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि आमचे हात घट्ट आवळले. दुसऱ्या लाटेला डोळे उघडे होते. तिसऱ्या की चौथ्या लाटेच्या वेळी त्यांनी माझा हात सोडला, आणि लाट येताना टाचा उचलायच्या हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. काठावरून हे ओरडत होते, "आई, बास आता, ये वर!" आणि त्या मान हलवून नाही म्हणत होत्या. चपला-मोबाइल त्या दिवशी यांनी सांभाळले, आणि आनंदानं सांभाळले.

एलिफंट बीचला स्नॉर्केलिंगसाठी बोटीनं गेलो, तिथे या कपड्यांचा दुसरा उपयोग कळला. पालथं होऊन पाण्यात बघताना पाठ आणि पोटऱ्या सतत उन्हाकडे असतात, आणि पाणी गार असल्यामुळे भाजलेलं जाणवत नाही. आमच्या बोटीतली हाफ पँटवाली दोन मुलं संध्याकाळी हॉटेलात गुडघ्यामागे लालबुंद होऊन बसली होती. आमची लेकरं फक्त चेहऱ्यावर नि पंजांवर रापली. अंग झाकलेलं असल्यामुळे सनस्क्रीनही चेहरा, मान, हातापायांचे पंजे यांपुरतंच लागलं. काही सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोननं प्रवाळाला इजा होते, म्हणून हवाईत तशा क्रीमच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे. जितकं कमी चोपडाल तितकं त्या पाण्याला बरं. वाळूतल्या बारीक माशा पायाला चावतात, त्यांच्यापासूनही लेगिंगनं वाचवलं. प्रवाळावर उभं राहू नका आणि पांढरा तुकडा कितीही सुंदर दिसला तरी उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं प्रवाळांना संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात, एवढं लेकरांना निघण्याआधीच समजावून सांगा.

इथपर्यंत सगळं चांगलं. खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली.

एप्रिल-मेमध्ये लेकरं आजोळी विहिरीत पोहायला जायची. यंदा विहिरीला पाणी टिकलं होतं, हे आमचं भाग्य. विहिरीच्या दगडी पायऱ्यांवर बसून-उठून दोन्ही लेगिंगच्या बुडाशी बारीक गोळे आले, मुलाच्या गुडघ्यावर धागाही ओढला गेला. हे कापड वाळूला टिकतं, खडबडीत दगडाला टिकत नाही. विहिरीसाठी वरून जुनी नायलॉनची हाफ पँट चढवायला लागले तेव्हा ते थांबलं.

दुसरं, पाणी. आमच्याकडे नळ आठवड्याला येतो, रोजचा वापर बोअरचा. बोअरच्या पाण्यात धुऊन वाळवलेल्या माझ्या काळ्या सेटवर शिवणींच्या कडेनं पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. मला वाटलं क्लोरीनचे डाग. पण नखानं खरवडलं की भुकटी पडायची. बादलीच्या कडेला जो थर बसतो तोच हा, क्षारांचा. आता साबणानं बोअरच्या पाण्यात धुते आणि शेवटची एक खळबळणी नळाच्या पाण्यात देते, पावसाळ्यात पागोळीच्या पाण्यात. आरओचं वाया जाणारं पाणी यासाठी वापरू नका; त्यात क्षार आणखी जास्त असतात. अर्धी बादली चांगलं पाणी पुरतं, आणि लातूरकराला अर्ध्या बादलीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं आहोत आपण.

तलावाचं क्लोरीन मात्र थांबवता येत नाही. स्पँडेक्सचा ताण क्लोरीननं हळूहळू जातो. मुलीच्या टी-शर्टची मनगटं सैल पडली आहेत, पाण्यात हात मारताना बाही कोपराकडे सरकते. नारिंगी रंग आता पिवळसर झालाय. तलावात उतरण्याआधी शॉवरखाली कपडे पूर्ण भिजवून घेतले तर ते क्लोरीनचं पाणी कमी शोषतात, हे आमच्या बॅचच्या बाईंनी सांगितलं, आणि तेव्हापासून फिकटणं मंदावलं आहे. गच्चीवरच्या उन्हात वाळत घालू नका. बेचाळीस अंशांच्या उन्हात लवचीकपणा लवकर जातो. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत टाकायचं. ओले कपडे पिशवीत रात्रभर राहिले तर जो वास येतो तो नंतर सहजासहजी निघत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. नणंदेच्या लेगिंगची मांडीजवळची शिवण दुसऱ्याच वापरात उसवली. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर वापरलेला माल परत घेत नाही असं उत्तर आलं. न वापरता शिवण उसवते की नाही हे कसं कळणार, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. शेवटी आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी ताण घेणाऱ्या दोऱ्यानं दुहेरी शिवण मारून दिली, ती अजून शाबूत आहे. तेव्हा घरी आल्या-आल्या मांड्या, काखा आणि चेनची खालची टोकं ओढून बघा, आणि परतीची मुदत संपायच्या आत बघा. चेन प्लास्टिकची आहे याचीही खात्री करा. माझ्या अंगरख्याची तशी आहे, अजून सुरळीत चालते. यांच्या टी-शर्टच्या खिशाची धातूची चेन खाऱ्या पाण्यानं अंदमानातच अडकायला लागली आणि आता उघडत नाही.

फक्त सहलीपुरते हवे असतील तर नायलॉन-स्पँडेक्स घ्या, अंगाला मऊ आहे आणि लवकर वाळतं. नंतर तलावावर रोज जाणार असाल तर पॉलिस्टरचं कापड बघा. ते जरा जाडसर लागतं, पण क्लोरीनला कितीतरी जास्त टिकतं. मुलीसाठी पुढच्या बॅचला मी तेच मागवणार आहे, रंग पुन्हा नारिंगीच. घरातल्या मोठ्या बायकांसाठी घेताना त्यांना विचारत बसू नका, माप गुपचूप त्यांच्या ब्लाउजवरून घ्या आणि गळ्यापर्यंत चेन असलेलाच प्रकार निवडा. सासूबाईंचा सेट कमी वापरामुळे अजून नव्यासारखा आहे. धुऊन, घडी करून, त्यांच्याच कपाटात आहे, आणि पुढच्या हिवाळ्यात तारकर्लीला जायचं म्हणून त्यांनीच यांच्यामागे लकडा लावलाय.