साडेआठशेचा टेललाइट, चौदा महिन्यांनी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधला खांब बिल्डिंग झाल्यापासून तिथेच उभा आहे. तरी मे 2024 मधल्या एका रविवारी रिव्हर्स घेताना तो मला दिसला नाही. उजव्या टेललाइटची काच (म्हणायला काच, असतं ते प्लास्टिकच) खालच्या कोपऱ्यातून गेली. फरशीवर लाल तुकडे, आणि बल्ब मात्र शाबूत. गाडी दहा वर्षांची हॅचबॅक. चार दिवस लाल चिकटपट्टी लावून ऑफिस गाठलं, मग शनिवारी पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या पार्ट्सच्या बाजारात गेले.

दुकानदाराने काउंटरवर दोन दिवे ठेवले. एक कंपनीचा, तेवीसशे. दुसरा लोकल, साडेआठशे. दोन्ही रिकामेच, होल्डर आणि बल्ब आपले जुने वापरायचे. ‘ताई, फिटिंग सेम टू सेम. वरचे पैसे खोक्याचे,’ तो म्हणाला. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. डावा दिवा पहिल्यापासूनचा, कंपनीचा. म्हणजे न ठरवता गाडीच्या मागे तुलनाच बसली: डावीकडे दहा वर्षं जुना, उजवीकडे करकरीत नवा.

बसवायला गॅरेजची गरज नाही. आमच्या गाडीत डिकी उघडली की कडेला दोन बोल्ट दिसतात, दहाचा पाना लागतो. बोल्ट काढले तरी दिवा जागचा हलत नाही, कारण बाहेरच्या अंगाला दोन प्लास्टिकच्या खुंट्या बॉडीत रुतलेल्या असतात. इथे घाईने पेचकस घातलात की रंगाचा टवका उडालाच. दोन्ही हातांनी धरून सरळ मागे ओढायचा, कडेला वाकवायचा नाही. ‘कट’ असा आवाज होतो, आपण काहीतरी मोडलं असं वाटून पोटात गोळा येतो, आणि दिवा हातात. होल्डर डावीकडे फिरवून सोडवायचे, नव्यात बसवायचे, झालं. जुना काढायला मला दहा मिनिटं लागली. नवा बसवायला पाऊण तास, कारण त्याची एक खुंटी जाड होती. ती नेलफाइलने घासली. सेम टू सेम!

पहिल्या महिन्यात तक्रार एवढीच, की रंग जुळत नव्हता. दिवसा कळायचं नाही. संध्याकाळी बाबांनी गेटमधून पाहिलं आणि म्हणाले, ‘एक डोळा आलाय तुझ्या गाडीचा.’ डावा गडद लाल, उजवा थोडा नारिंगीकडे झुकलेला. शिवाय नव्याचा रिफ्लेक्टर (बल्बमागचा उजेड परतवणारा चकचकीत भाग) पातळ मुलाम्याचा असावा, बल्ब तेच असून उजेड मधोमध गोळा व्हायचा आणि कडा अंधाऱ्या राहायच्या. दुर्लक्ष केलं.

खरी परीक्षा जुलैमध्ये झाली. आमचं गाव माणगावच्या पुढे, त्यामुळे पावसाळ्यात ताम्हिणी घाट चुकत नाही. नियमाने मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसायला हवा. त्या दिवशी घाटात पंधरा मीटरवरची म्हैस दिसत नव्हती. अशा धुक्यात मागच्या एसटीला आपण कुठे आहोत हे सांगणारे हे दोनच दिवे असतात आणि आपल्याला ते कधीच दिसत नाहीत. गावी पोचल्यावर पाहिलं तर उजव्या दिव्यात बोटभर पाणी, गाडी हलली की हिंदकळणारं.

इथे एक फरक सांगते, कारण दुकानदार तुम्हाला ‘सगळ्याच गाड्यांना होतं’ म्हणतील. काचेला आतून वाफ धरणं आणि पाणी साठणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्याला मागे हवेसाठी बारीक छिद्रं ठेवलेली असतात, त्यामुळे पावसाळ्यात सकाळी हलकी वाफ दिसते आणि दिवे लावून थोडं फिरलं की निघून जाते. माझ्या डाव्या दिव्यातही ती दिसायची. पाणी साठतं तेव्हा मात्र लाल काच आणि मागचा डबा यांचा जोडच बहुधा कुठेतरी उघडा असतो.

मी काय केलं? चूक केली. सिलिकॉनची नळी आणून सगळीकडे फासली, त्या हवेच्या छिद्रांवरसुद्धा. पाणी यायचं थांबलं नाही, आत गेलेलं बाहेर पडेनासं झालं. मग आमच्या वायरमनने तळाशी ड्रिलने भोक पाडून दिलं. पाणी गळून गेलं, आणि दिवाळीपर्यंत त्याच भोकातून धूळ जाऊन रिफ्लेक्टर पाटीसारखा राखाडी झाला.

पाणी एवढ्यावर थांबलं नाही. दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी असते. लोकल दिव्याची पट्टी पापडासारखी होती. ऑगस्टमध्ये डिकीत ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. मी आठवडाभर भाजीच्या पिशवीवर संशय घेतला. शेवटी कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खळग्यात तांब्याभर पाणी आणि जॅकला गंज. जाड फोम कापून लावल्यावर हे थांबलं. साडेआठशेत हा खर्च कुणी धरत नाही.

डिसेंबरमध्ये नवीनच खेळ सुरू झाला. ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मंद पेटायचा. असं काही दिसलं तर आधी अर्थिंग बघा. होल्डरमधल्या सगळ्या बल्बांची अर्थिंगची, म्हणजे करंट परत जायची, वाट एकच असते. ती नीट मिळाली नाही की करंट दुसऱ्या बल्बातून वाट काढतो आणि भलताच दिवा लागतो. होल्डर काढून पाहिला तर पितळी पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर. बारीक पॉलिशपेपर, जुना टूथब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, वीस मिनिटांत काम झालं. एका गॅरेजमध्ये याच दुखण्यावर मला पूर्ण मागचं वायरिंग बदलायचे साडेचार हजार सांगितले होते.

बल्बचंही सांगते. टेल आणि ब्रेकसाठी आमच्या गाडीत एकच बल्ब आहे, आत दोन तारा: पाच वॅटची नेहमीची, एकवीस वॅटची ब्रेकची. दुकानात ‘डबल कॉन्टॅक्ट’ म्हणून मागायचा, बुडाला शिशाचे दोन ठिपके दिसतात. त्याच्या कडेच्या दोन पिना मुद्दाम खालीवर असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर अर्धा फेरा फिरवा, जोर लावू नका. आमच्या शेजाऱ्यांनी जोर लावून उलटा बसवला आणि महिनाभर त्यांचा दिवा ब्रेक न दाबताच लखलखत होता.

मध्ये मी एलईडी बल्बही लावून पाहिले, पांढरे, जोडी चारशेला. नऊ दिवस टिकले. म्हणजे ते टिकले, मीच काढले. लाल काचेमागे पांढरी एलईडी गुलाबी दिसते, हे एक. त्याहून वाईट म्हणजे साधा दिवा आणि ब्रेक यांतला फरकच कळेना. सिग्नलला एक स्कूटरवाला माझ्या बंपरपाशी येऊन कसाबसा थांबला आणि काच खाली करायला लावून म्हणाला, ‘मॅडम, तुमचा ब्रेक लागलाच नाही.’ लागला होता. तापणाऱ्या तारेसाठी बनवलेला रिफ्लेक्टर एलईडीचा उजेड नीट पसरवत नाही. लावायचीच असेल तर एलईडीसकट तयार झालेला दिवा घ्यावा, त्यातही तुमच्या मॉडेलला कंपनीनेच दिलेला.

2025 च्या एप्रिलमध्ये शेवटी तेवीसशेवाला आणला. आता तो चोवीसशे ऐंशी झाला होता. दोन्ही दिवे टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा खोक्याच्या पैशांचा उलगडा झाला. कंपनीच्या दिव्यात लाल काच सगळीकडून एकसंध वितळवून जोडलेली, लोकलमध्ये डिंकाची रेघ, एका जागी तुटलेली. हवेच्या छिद्रावर एकीकडे वाकडी टोपी, दुसरीकडे उघडं भोक. जुलै अर्धा सरला, दोनदा ताम्हिणी झाला, उजवा दिवा आतून कोरडा.

तरी लोकल घ्यायचाच असेल तर? गाडी वर्षभरात विकणार असाल, किंवा सोलापूरसारख्या कमी पावसाच्या भागात चालवत असाल, तर चालून जाईल. दुकानातच त्यात पाणी ओतून पाहू देतात का विचारा. नाही म्हणाले तर समजून जा. पुसताना पेट्रोल किंवा थिनर लावू नका, काचेवर केसासारखे तडे जातात. साधा साबण पुरे.

आता दर महिन्याला रात्री गाडी पार्किंगच्या भिंतीकडे पाठ करून उभी करते. छत्री ब्रेक पेडल आणि सीट यांच्यामध्ये अडकवते आणि मागे जाऊन बघते. मागच्याच वेळी दिसलं, तिन्ही ब्रेकलाइट (तिसरा मागच्या काचेपाशी) छान लागलेत आणि नंबरप्लेटचा दिवा गेलाय. कधीपासून, देव जाणे. तो बल्ब तीस रुपयांचा होता.